पाटल्या गहाण ठेवून चाललेली साइट

मावशी, आम्ही सांगलीजवळ राहतो. मिस्टर घरं बांधायची छोटी कंत्राटं घेतात. पंधराएक माणसं कामाला आहेत, बहुतेक विजापूरकडची. हिशोबाची वही मी लिहिते. शनिवारी संध्याकाळी पगारासाठी सगळे आमच्या अंगणात बसलेले असतात आणि घर बांधून घेणाऱ्या मालकाकडून पैसे आलेले नसतात. दिवाळीआधी माझ्या पाटल्या गहाण ठेवून पगार भागवला, त्या अजून सुटलेल्या नाहीत. हे रात्री दहाला येतात, जेवतानाही फोन चालू. मुलगा सातवीत आहे, बापलेकांचं बोलणंच नाही. सासूबाई म्हणतात, पुरुषाच्या धंद्यात बाईनं पडू नये. परवा हे म्हणाले, सगळं सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटतं. धंदा बंद करून एखाद्या बिल्डरकडे सुपरवायझरची नोकरी धरायला सांगू का?

(नाव छापू नये)

अगं, मिस्टरांचं ते परवाचं बोलणं मी आधी घेते. दमलेला माणूस असं सहज बोलून जातो, पण कधी कधी ते सहज नसतं. आज रात्रीच, मुलगा झोपल्यावर, त्यांना सरळ विचार की जिवाचं बरंवाईट करावंसं मनात येतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं किंवा ते नुसतेच गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नको, डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आता धंद्याचं. तुला ते घरी लवकर यायला हवेत. पण काम संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटतं, मग दहापर्यंत ते कुठं असतात? माझा अंदाज सांगते, तू वहीशी ताडून बघ. कधी मालकाच्या दारात पैसे मागायला, कधी सिमेंटवाल्याची समजूत काढायला, नाहीतर नवीन काम बघायला. नवीन काम कशाला, तर त्याच्या ॲडव्हान्समधून जुन्या कामाचे पगार द्यायला. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालता घालता एकाच्या तीन साइट होतात. माणसं तेवढीच राहतात आणि तिन्ही मालक रात्री फोन करतात. तुमच्या घरातला वेळ या उधारीनं खाल्लाय. त्यामुळं ‘लवकर या’ म्हणून भांडून उपयोग नाही, पैसे वेळेवर कसे येतील तिथं हात घालायला हवा.

आणि ते तूच करू शकतेस, कारण वही तुझ्याकडे आहे. एखाद्या सुट्टीच्या सकाळी, सासूबाई देवळात गेल्या असताना, वही घेऊन मिस्टरांजवळ बस. तक्रार एकही करू नको. कुठल्या मालकाकडे किती अडकलेत आणि कधीपासून, एवढंच एका कागदावर दोघांनी मिळून लिहा. जुनी दोन कामं पुरी होऊन पैसे हातात येईपर्यंत तिसऱ्याचा ॲडव्हान्स घ्यायचा नाही, हे त्या कागदाखालीच लिहून टाका.

पुढच्या कामाला करारनामा करा आणि हप्ते टप्प्यांवर बांधा: जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी. प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा सुरू होण्याआधी घ्या. स्लॅब पडायच्या आधी मालकाला जेवढी घाई असते तेवढी नंतर कधीच नसते. रंग लागून लोक राहायला आले की शेवटचा हप्ता हमखास अडकतो, म्हणून तो लहान ठेवा. मधेच ‘जिना थोडा रुंद करा’, ‘इथं एक कडप्पा टाका’ असं निघालं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दर लिहून मालकाचा होकार घ्यायचा. तोंडी वाढीव कामात छोटा कंत्राटदार बुडतो.

धंद्याचं खातं वेगळं काढा आणि त्यातून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घरखर्चाची ठरलेली रक्कम तुझ्या खात्यात येऊ दे. चांगल्या महिन्यातही तेवढीच. शनिवारचा पगार साइटवरच, काम सुटताना द्यायचा. मजूर बायकांना नंतर बाजार करायचा असतो, त्यांनी तुमच्या अंगणात ताटकळणं बरं नाही. शिवाय वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते, त्यासाठीचा दाखला कंत्राटदारानं द्यायचा असतो. मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला त्यातून मदत मिळते. हे आपलं कर्तव्य आहेच, आणि अडीअडचणीला उचल मागायची वेळही त्यांच्यावर थोडी कमी येईल.

एका बाबतीत मात्र मी तुझ्या मिस्टरांच्या बाजूनं आहे. स्लॅबच्या दिवशी त्यांची वाट बघू नको. काँक्रीट मधेच थांबलं तर तिथं सांधा राहतो आणि पुढं तिथूनच गळतं, तो दिवस त्यांचा नाहीच. पण असे दिवस एका घराला मोजकेच असतात. ते आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. बाकीच्या दिवशी पाणी मारलं का, सेंटरिंगच्या (स्लॅबला खालून आधार देणाऱ्या) फळ्या मोजल्या का, हे भरवशाच्या मिस्त्रीवर सोपवायचं, त्याची रोजची मजुरी थोडी वाढवून. रात्री आठनंतर मालकांनी मिस्त्रीलाही छळायचं नाही, सकाळी बोलायचं.

पाटल्यांचं मी कडक सांगते. स्त्रीधन तुझं, फक्त तुझं. एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलंय की अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत बायकोला परत करणं ही त्याची नैतिक जबाबदारी आहे. वहीत तुझ्या नावानं धंद्याला दिलेलं कर्ज म्हणून ते मांड, आणि कुठल्या मालकाच्या कुठल्या हप्त्यातून पाटल्या सुटणार तेही लिही. यापुढं सोनं नाही आणि घराचे कागदही नाहीत. सासूबाईंना शांतपणे सांग की धंद्यात तुम्ही मला कधीच ओढलंय, वही मी लिहिते आणि सोनं माझं गेलंय.

मुलाला सुट्टीत लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करतात त्या दिवशी साइटवर ने. कामाला नव्हे, बघायला. तीन, चार, पाच फूट मापून गवंडी काटकोन कसा धरतो ते बापानं त्याला दाखवू दे. सातवीला पायथागोरस आहेच, त्या दिवशी बापाकडे त्याला शिकवण्यासारखं काहीतरी असेल.

राहिली नोकरी. आत्ता नको. अर्धी कामं टाकून नोकरी धरली तर मालक ॲडव्हान्स परत मागतील, दुकानदार दारात येतील आणि पगारातून ते फिटणार नाही. चालू कामं संपवा, येणं वसूल करा, एक वर्ष या पद्धतीनं चालवा. पुढच्या दिवाळीला वही उघडून वर्षभरात हातात नक्की किती उरलं ते बघा. तुझ्या हिशोब लिहिण्याची मजुरीही त्यातून वजा करून बघ. सुपरवायझरच्या पगारापेक्षा कमी उरलं, तर नोकरीचं त्यांच्याशी मोकळेपणानं बोल. तोवर पाटल्या सुटल्या की मला कळव.