रोज संडासला होतं, पण पोट साफ होत नाही. आयबीएस आणि बद्धकोष्ठाचे रोम निकष आपल्या लोकांना लागू पडतात का?

बाबांना रोज होतं म्हणून डॉक्टरांनी "बद्धकोष्ठ नाही, निकषात बसत नाही" सांगून परत पाठवलं, हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही. रोम निकष म्हणजे पोटाचे असे विकार कुठल्या लक्षणांवरून ओळखायचे याची जगभरच्या तज्ज्ञांनी केलेली यादी. ते लागू पडतात, पण प्रश्न नीट विचारला तर. आणि तो कसा विचारला जातो ते मी दारोदार फिरून बघितलंय.

2011 साली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एमए) करताना सातारा जिल्ह्यात पोटाच्या विकारांच्या एका सर्व्हेवर होते. तेव्हा या निकषांची 2006 ची तिसरी आवृत्ती, रोम 3, चालू होती. आयबीएस (तपासणीत काही सापडत नाही, पण पोट दुखतं आणि शौचाचं तंत्र बिघडतं तो विकार) म्हणायला महिन्यातून किमान तीन दिवस 'पेन ऑर डिसकम्फर्ट' पाहिजे, आणि आमच्या फॉर्मवर त्याचं 'वेदना किंवा अस्वस्थता' केलेलं. एक मावशी ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. मी आपली प्रश्न वाचून मोकळी. त्या म्हणाल्या, "अस्वस्थ तर मी थोरला मुंबईला गेल्यापासनं हाय."

पोटात हो मावशी, पोटात.

"पोटाला तडस लागतीया. दोन घास खाल्लं की डब्ब. परसाकडं जाऊन आलं की जरा हलकं वाटतं." दुखतं का? "दुखत न्हाय गं बाई, तडस म्हणलं की!"

आता तडसला चौकट कुठून आणू? दोन्हीकडे 'नाही' केलं आणि कडेला पेन्सिलीने 'तडस' लिहिलं. पुढच्या गल्लीत पण तेच, कुणाचा गुबारा, कुणाचा गॅस डोक्यात चढतो, दुखणं कुणी कबूलच करेना. संध्याकाळी सरांना सांगितलं की हा शब्द चुकलाय, तर सर म्हणाले भाषांतर व्हॅलिडेटेड आहे, उलट भाषांतर करून तपासलंय, तू खोडरबर घे आणि ते पुसून टाक. अहो, 'डिसकम्फर्ट'चं 'अस्वस्थता' करणारा आणि अस्वस्थतेचं परत 'डिसकम्फर्ट' करणारा, दोघांकडे डिक्शनरी एकच, मग जुळणारच ना! मावशीला कोणी विचारलं होतं?

2016 ला रोम 4 आलं आणि त्यांनी 'डिसकम्फर्ट' काढूनच टाकला. कारण काय दिलं, तर हा शब्द मोघम आहे आणि काही भाषांत त्याला नीट शब्दच नाही. मी त्या दिवशी घरी पेढे आणले, नवऱ्याला कळेना कशाचे.

पण गंमत अशी की आता आठवड्यातून एकदा तरी दुखायलाच हवं, म्हणजे मावशी पार बाहेर. 2021 ला 33 देशांचा मोठा अभ्यास छापून आला, त्यातल्या इंटरनेट सर्व्हेत रोम 3 ने आयबीएस 10.1 टक्के आणि रोम 4 ने 4.1. माणसं तीच हं. आणि आशियातले पेशंट फुगण्याबद्दलही तितकंच बोलतात हे इकडच्या डॉक्टरांनी 2010 लाच एकत्र बसून लिहून ठेवलेलं.

बाबांचं म्हणाल तर बद्धकोष्ठाचे निकष वेगळे आहेत, त्यात 'आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा' ही सहा लक्षणांपैकी एक आहे फक्त, सहापैकी कुठलीही दोन लागतात. कुंथावं लागतं आणि साफ झाल्यासारखं वाटत नाही, चारातनं एकदापेक्षा जास्त वेळा आणि तीन महिने असं असेल तर रोज होऊनही बसतं निकषात. आपल्याकडे बहुतेकांना दिवसातून एक-दोनदा होतं, तिथे तीनचा आकडा धरून बसणारा डॉक्टर मला तरी पटत नाही. रोमवाल्यांनीच नंतर सांगितलंय की कडक निकष संशोधनाला, दवाखान्यात माणसाला त्रास किती होतोय ते बघा.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगायला हवं होतं. रक्त जात असेल, वजन उतरत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं असेल तर निकष राहू द्या बाजूला, आधी तपासण्या करा. आणि डॉक्टरांसमोर बाबांना त्यांच्याच शब्दांत बोलू द्या, तुम्ही मध्ये 'अ‍ॅसिडिटी' म्हणून भाषांतर करू नका.

सर, चुकून वाचत असाल तर, ते फॉर्म मी पुसले नव्हते.