पिकअप संस्थेला द्या, पण विमानात बसण्याआधी आरसीवरून नाव उतरवा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. नागपूरच्या कळमना बाजाराला भाजीपाला वाहणारी दहा वर्षं जुनी बोलेरो पिकअप, आणि तुम्ही घरच्यांसह टेक्सासला निघालात. गाडी विकण्यापेक्षा एखाद्या चांगल्या संस्थेला द्यावी आणि अमेरिकेत मिळते तशी टॅक्समध्ये सूटही मिळावी, असं तुमच्या मनात आहे. मीही मूळचा नागपूरचाच, मानेवाड्याचा, सध्या ह्यूस्टनजवळ राहतो. इथे माझा जुना पिकअप ट्रक संस्थेला दिलाय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

पहिले टॅक्सच्या सवलतीचं. आपल्याकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी आयकराची सूट फक्त पैशाच्या दानाला आहे. गाडी, धान्य, कपडे काहीही दिलं तरी त्यावर छदामही मिळत नाही. नवीन कर प्रणाली निवडली असेल तर पैशाच्या दानावरही नाही. तेव्हा सूटच हवी असेल तर गाडी विका आणि आलेली रक्कम चेकने किंवा ऑनलाइन संस्थेला द्या. २,००० रुपयांपेक्षा जास्त दान रोख दिलंत तर ते सुटीला धरतच नाहीत.

खरं सांगू का, सूट बाजूला ठेवली तरी मला विकून पैसे देणंच बरं वाटतं. लहान संस्थेला फुकटची गाडी महागात पडते. डिझेल, इन्शुरन्स, पीयूसी, ड्रायव्हरचा पगार आहेच. शिवाय तुमची गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे धंद्याची. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागतं. टायर घासलेले, पाटे बसलेले, हौद्याचा पत्रा खालून गंजलेला असेल तर पहिल्याच पासिंगला संस्थेचा खिसा रिकामा. वरोऱ्याचं आनंदवन असो की तुमच्या वस्तीजवळची गोशाळा, आधी फोन करून विचारा की गाडी हवी की पैसे. चारा, धान्य, भांडी रोज इकडून तिकडे न्यावी लागणारी आणि आधीच ड्रायव्हर असलेली संस्था मिळाली तर मात्र जरूर द्या. एक अडचण तरी कमी आहे: ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या गाडीचं) लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

आता मुख्य मुद्दा. चावी देऊन, हार घालून, फोटो काढून गाडी तुमच्या हातून गेली तरी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव तुमचंच. कायद्याच्या लेखी ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईला सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. तुम्ही डॅलसमध्ये बर्फ पाहत असाल आणि नोटीस येईल नागपुरात म्हाताऱ्या आईवडिलांच्या दारी.

म्हणून तिकीट काढलं की लगेच कामाला लागा. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी (ना-हरकत) आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. ई-चलान भरून टाका. मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. संस्थेकडून विश्वस्तांचा गाडी स्वीकारल्याचा ठराव, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅनची प्रत घ्या. नावावर करायची ती संस्थेच्या, सचिवाच्या किंवा अध्यक्षाच्या नाही. दानपत्र साध्या भाषेत लिहा: चेसिस नंबर, इंजिन नंबर, तारीख, आणि गाडी कोणताही मोबदला न घेता दिली हे वाक्य. जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पूर्ण होतं, त्यामुळे दानपत्र रजिस्टर करायची सक्ती नाही. आरटीओत चेसिस नंबरची छाप मागतील: नंबर कापडाने पुसायचा, त्यावर पारदर्शक टेप चिकटवायची आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. धूळ राहिली तर आकडे पुसट येतात आणि पुन्हा चक्कर पडते.

गाडी एमएच ३१ची आणि संस्था वर्ध्याची किंवा गडचिरोलीची असेल तर फॉर्म २८ची एनओसीही लागू शकते, आरटीओत आधी विचारा आणि तेवढे दिवस जास्त धरा. ओटीपी तुमच्या भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून सिम बंद करायची घाई नको. निघण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का बघा. दलाल म्हणेल, ‘साहेब, तुम्ही जा बिनधास्त, मी करतो.’ जाऊ नका.

ज्या गाडीला फिटनेस मिळणारच नाही ती कोणाच्या गळ्यात मारू नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, ठेवीचं प्रमाणपत्र (गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला) घ्या, मिळाले ते पैसे दान करा.

इकडचं म्हणाल तर टेक्सासात हे काम सोपं आहे. फोन केला की टो ट्रक येतो. ड्रायव्हर सीटखाली हात घालून सामान राहिलं का बघतो, सही केलेलं टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) घेतो, पावती देतो आणि गाडी वर चढवतो. संस्था बहुतेक वेळा ती वापरत नाही, लिलावात विकते. मध्यस्थ कंपनी असेल तर तिचा वाटा आधी कापला जातो. वजावट ५०० डॉलरच्या वर घ्यायची तर लिलावात आली तेवढीच रक्कम धरतात, आणि ती संस्थेच्या १०९८-सी फॉर्मवर लिहून येते. त्यातही खर्चाची तपशीलवार वजावट दाखवणाऱ्यालाच फायदा. आपल्यासारखे नवखे बहुतेक स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेतात, त्यांच्या हाती काही येत नाही. राज्याच्या मोटार विभागाला गाडी दिल्याची सूचना ३० दिवसांत ऑनलाइन द्यायची, तेवढं केलं की पुढच्याच्या टोलची बिलं आपल्या घरी येत नाहीत.

संस्था ठरली की तिचा ठराव आणि तुमच्या आरसीची तारीख कळवा, कोणते कागद आधी करायचे ते क्रमाने सांगतो.