कपड्याची उलटी बाजू : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत : उच्च फॅशनच्या डिझाइन हाऊसमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून, म्हणजे इंटर्न म्हणून, काम करणे. चारही पत्रे खानदेशातील असल्यामुळे आणि मी स्वतः धुळ्याहून याच वाटेने मुंबईला गेले असल्यामुळे, या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी फॅशन डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे आजोबा प्रताप मिल या कापड गिरणीच्या साचा खात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते आणि आमच्या शेतात आजही कापूस असतो. मुंबईतील एका मोठ्या डिझाइन हाऊसमध्ये सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली आहे. मात्र तेथे जाऊन आलेल्या एका ताईने सांगितले की, पहिले दोन महिने तिने फक्त शिवणी उसवल्या, मणी निवडले आणि बाजारात खेपा घातल्या. माझे एकही रेखाचित्र कोणी पाहणार नसेल, तर मी जावे का? माझ्या बोलण्यातली अहिराणी ऐकून लोक हसतील, अशीही भीती वाटते.
— एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र आपण तेथे रेखाचित्रे दाखवायला नव्हे, तर कपडा आतून कसा उभा राहतो हे पाहायला जात आहोत, हे मनाशी पक्के करून जावे.

या उच्च फॅशनला फ्रान्समध्ये 'ओत कुत्यूर' म्हणतात, आणि ती तेथे १९४५ पासून कायद्याने संरक्षित असलेली संज्ञा आहे. ती वापरणाऱ्या हाऊसची पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा असावी लागते, कपडे ग्राहकाच्या मापानुसार बनवावे लागतात आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, नवा संग्रह सादर करावा लागतो. आपल्याकडे 'कुत्यूर' या शब्दावर असे कोणतेही बंधन नाही, त्यामुळे तो पाटीवर लिहिलेला दिसला म्हणून आत कार्यशाळा असेलच असे समजू नये. पण खरी कार्यशाळा असलेली हाऊसेस आपल्याकडे आहेत. राहुल मिश्रा जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या कुत्यूर आठवड्यात संग्रह सादर करणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले, आणि ३० मार्च २०२३ रोजी दिओर या फ्रेंच हाऊसने गेटवे ऑफ इंडियासमोर जो शो केला, त्याच्या भरतकामामागे मुंबईतील चाणक्य या संस्थेच्या कारागिरांचे हात होते.

अशा कार्यशाळेत रेखाचित्र ही कामाची केवळ सुरुवात असते. त्यावरून पॅटर्न मास्टर आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना तयार करतात, तो डमीवर चढवतात, टाचण्या लावून दुरुस्त करतात, खुणा करून पुन्हा उसवतात आणि त्या खुणा कागदावर उतरवतात. काही कपड्यांच्या बाबतीत हा क्रम तीन-चार वेळा होतो आणि त्यानंतरच मूळ कापडाला कात्री लागते. तुमच्या ताईला जे उसवायला दिले, ते बहुधा हेच असावे.

मी स्वतः पहिले पाच आठवडे उसवण्याखेरीज दुसरे काही केले नाही. पहिल्या आठवड्यात मला रडू येत असे, हे मी लपवत नाही. पण उसवताना कपडा उलट्या क्रमाने आपल्याला सगळे सांगत जातो : शेवटची शिवण कोणती होती, अस्तर कुठे मोकळे सोडले होते, मुंढ्यात बाही बसवताना जास्तीचे कापड कुठे जिरवले होते, कुठे मशीन थांबवून हाताने धावदोरा घातला होता. शिवणीच्या आत किती माया, म्हणजे राखीव कापड, सोडली आहे, हे तर उसवल्याशिवाय नीट कळतच नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात माया जेमतेम ठेवतात, कारण तेथे प्रत्येक बोटभर कापडाचा हिशेब असतो. कुत्यूरमध्ये ती सढळ हाताने सोडतात, कारण तो कपडा पुढे त्याच ग्राहकाच्या बदलत्या अंगाप्रमाणे सैल करता यायला हवा. आपल्या शिंप्यांनी या राखीव कापडाला 'माया' हा शब्द ठेवला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

मणी निवडण्याचेही तसेच आहे. काचेच्या ज्या मण्याची कड तुटलेली असते, तो आतून दोरा कापतो, आणि एक दोरा तुटला की ओळच्या ओळ सुटू शकते. म्हणून हे काम निष्काळजी माणसाला देता येत नाही. निवडलेले मणी घेऊन भरतकामाच्या अड्ड्यापाशी, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या चौकटीपाशी, जा आणि परवानगी मागून कारागिरांच्या शेजारी जमिनीवर बसा. कागदावर सुईने भोके पाडून केलेला खाका कापडावर कसा उतरवतात, आरीची सुई वरून आणि दोरा खालून कसा चालतो, एक चौरस इंच भरायला किती वेळ लागतो, हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीच्या रेखाचित्रात पुढे अशक्य अशी नक्षी येत नाही. ज्यांचे हात वीस वर्षे या अड्ड्यावर चालले आहेत, त्यांना 'मास्टरजी' किंवा 'भाई' म्हणून आदराने विचारा. ते सांगतात, मात्र घाई करणाऱ्याला सांगत नाहीत.

मंगलदास मार्केटच्या किंवा भुलेश्वरच्या खेपांना एक वही सोबत ठेवा. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्याशेजारी दुकान, भाव, पन्हा (कापडाची रुंदी) आणि हाच रंग पुन्हा मिळेल की नाही, हे त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या रंगाईतला तोच रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो आणि त्यामुळे तयार होत आलेला कपडा अडतो.

तुमच्याकडे एक शिदोरी आधीच आहे, तिची तुम्हाला जाणीव नसावी असे पत्रावरून वाटते. बोंडातला कापूस चिमटीत धरून, ओढून, धाग्याची लांबी पाहणारी माणसे तुम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. कापड हाताळताना हीच सवय उपयोगी पडते : ते उभ्या धाग्यात किती ताणते, आडव्यात किती, आणि उरेब, म्हणजे तिरपे, धरले की कसे ओघळते. मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरने १९१२ मध्ये पॅरिसमध्ये आपले हाऊस उघडले आणि पुढे उरेब कापणीवरच नाव कमावले. लहान वयातच शिवणकामाला लागलेली ती बाई नव्या कपड्याचा विचार कागदावर न करता एका लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लपेटून करीत असे.

भाषेची भीती बाळगू नका. कार्यशाळेत प्रामुख्याने हिंदी चालते आणि अनेक कारागीर बंगाल व उत्तर प्रदेशातील असल्यामुळे प्रत्येकाची हिंदी निराळी असते. इंग्रजी लागते ती टेक पॅक, म्हणजे कपड्याची मापे आणि शिवणीच्या सूचना असलेला तक्ता, वाचायला आणि ईमेल लिहायला. ती तेवढी मात्र जाण्यापूर्वी आवर्जून पक्की करा.

एक धोक्याची खूण सांगून ठेवते. उसवणे, निवडणे, नोंदी करणे ही कामे कार्यशाळेच्या आतली आहेत. पण दोन महिने झाले तरी तुम्हाला कटिंगच्या टेबलापाशी उभे राहू दिले नसेल, आणि दिवस पार्सले पोहोचवण्यात किंवा कुणाच्या घरगुती कामांत जात असेल, तर आपल्या मार्गदर्शकाला ते स्पष्टपणे विचारा. त्यानंतरही काही बदलले नाही, तर महाविद्यालयाला कळवून ती जागा सोडण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला अशीच जागा मिळाली आहे, परंतु सहा महिने कोणतेही विद्यावेतन मिळणार नाही असे कळवले आहे. मुंबईतील राहणे-जेवणे आमच्या शेतीच्या उत्पन्नात बसत नाही. नातेवाईक म्हणतात, एवढे मोठे नाव आहे तर कर्ज काढून पाठवा. रात्री उशिरापर्यंत काम चालते, त्याचीही काळजी वाटते.
— एक पालक, शिरपूर

उत्तर : भाऊ, कर्ज काढू नका. ज्या हाऊसमध्ये एका लेहंग्याची किंमत लाखांत असते, त्याने सहा महिने राबणाऱ्या मुलीला जेवणाखाणाचा खर्चही देऊ नये, हे मला मुळीच पटत नाही. फ्रान्समध्ये दोन महिन्यांपेक्षा लांबलेल्या इंटर्नशिपला मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे साध्या इंटर्नशिपसाठी तसे बंधन नाही. मात्र १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली करार झाला, तर विद्यावेतन द्यावेच लागते. म्हणून हे हाऊस त्या कायद्याखाली उमेदवार घेते का, असे मुलीने पत्र लिहून विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर निदान काही विद्यावेतन आणि बाजाराच्या खेपांचा प्रवासखर्च मागावा. तेही मिळत नसेल, तर सुरत, नाशिक किंवा इंदूर येथील लहान पण मोबदला देणाऱ्या स्टुडिओचा विचार करावा. तेथे कामाचा आवाका लहान असल्यामुळे कधी कधी अधिक शिकायला मिळते.

जे ठरेल ते लेखी घ्या : कालावधी, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, मार्गदर्शक कोण, रक्कम किती, प्रमाणपत्र केव्हा. माझ्या प्रशिक्षणाच्या अखेरीस मला प्रमाणपत्र मिळाले नाही, कारण ते देण्याचे बोलणे केवळ तोंडी झाले होते आणि बोलणारी व्यक्ती तोवर नोकरी सोडून गेली होती.

फॅशन शोच्या आधीचे आठ-दहा दिवस काम रात्रीपर्यंत चालते, हे खरे आहे. त्या दिवसांत घरी पोहोचवण्याची व्यवस्था कोण करणार, हे आधीच विचारून घ्यावे. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा पगारी नोकरांपुरता नाही. प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणाऱ्या मुलीही त्याच्या कक्षेत येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. तिच्या सदस्यांची नावे मुलीने पहिल्याच दिवशी टिपून ठेवावीत. राहण्यासाठी केंद्र सरकारच्या 'सखी निवास' योजनेतील वसतिगृहांत चौकशी करावी.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये मी काढलेल्या नक्षींची छायाचित्रे इन्स्टाग्रामवर टाकता येतील का?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : नाही, निदान परवानगीवाचून नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात, त्या कामाचा भाग म्हणून, केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळे ठरले नसेल तर, काम देणारी संस्था असते. इंटर्नशिपच्या पत्रातही असे कलम बहुधा घातलेले असते. ते वाचूनच सही करावी. संग्रह जाहीर होण्यापूर्वी बाहेर पडलेले एक छायाचित्र अनेकांच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवते. शो झाल्यानंतर आपण केलेला भाग कामाच्या संचिकेत दाखवण्याची परवानगी ईमेलवर मागा. ती अनेकदा मिळते.

प्रश्न : वडिलांचे शिवणकामाचे दुकान आहे. मी आयटीआयमधून सुइंग टेक्नॉलॉजी केले आहे, पदवी नाही. अशा हाऊसमध्ये मला कोणी घेईल का? घेतले तर सोबत काय न्यावे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : डिझाइन विभागात पदवीवाचून शिरणे कठीण आहे, पण पॅटर्न आणि सॅम्पल विभागात तुमचे हात पाहिले जातील. अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर 'अँडरसन अँड शेपर्ड' या दुकानात उमेदवारी केली. १९९६ मध्ये तो पॅरिसच्या जिवाँशी हाऊसचा मुख्य डिझायनर झाला.

मुलाखतीला चित्रांच्या फाइलऐवजी शिवलेले तुकडे न्या : मुंढ्यात बसवलेली एक बाही, हाताने केलेली तीन काजे, उरेब पट्टी लावलेला एक गळा आणि अस्तर लावलेला एक खिसा. पाहणारा माणूस ते हातात घेताच उलटे करील, म्हणून उलट्या बाजूचे दोरेही कापलेले असू द्या.

कामावर रुजू होताना मापाची टेप, खडू, टाचण्या, अंगुस्तान आणि दोन कात्र्या न्या, एक कापडाची आणि एक कागदाची. कापडाच्या कात्रीच्या मुठीला रंगीत चिंधी बांधून ठेवा. गर्दीच्या टेबलावर कुणीतरी ती कागदाला लावते आणि मग ती रेशमावर चालत नाही.