अंधारात नेमाचा सराव करावा का?

तुमचा प्रश्न असा की शेती संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोर आहे, दिवसा रेंजवर नेम बरा लागतो, मग कमी उजेडात वेगळा सराव करून काय मिळणार? मिळतं बरंच, पण नेम सुधारणं हा त्यातला छोटा भाग.

मी इन्फन्ट्रीत होतो. पहिल्या नाइट फायरिंगला माझ्या पाचही गोळ्या वाया गेल्या. दिवसा माझा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, मुठीत मावायचा, त्यामुळे लाज वाटली. उस्ताद मागूनच म्हणाले, "सगळ्या वरून गेल्या." अंधारात माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) दिसेना की माणूस नकळत गाल दस्त्यावरून, म्हणजे बंदुकीच्या मागच्या भागावरून, उचलतो आणि नळीचं तोंड वर जातं. दिवसा ही खोड लपून राहते. गाल रोज एकाच जागी टेकायची सवय रिकाम्या बंदुकीवर घरीही लावता येते. फक्त काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात हवीत आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी तसंच बोटानेही तपासायचं. बार मात्र मान्य रेंजवरच, आणि संध्याकाळनंतर चालणाऱ्या रेंज फार कमी आहेत.

आता डोळ्यांचं. आपण रोखून बघतो तेव्हा पडद्याचा जो मधला भाग वापरतो, तिथे अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी नसतातच. म्हणून टक लावलेली वस्तू विरघळल्यासारखी होते, जरा बाजूला नजर ठेवली की परत दिसते. एकटं खोड बराच वेळ बघत राहिलात तर ते हलतंय असंही वाटायला लागतं. डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइल क्षणभर उघडला तरी बरीचशी कमाई जाते. बार उडाल्यावर नळीतून निघणाऱ्या झोतानेही तेच होतं, म्हणजे दुसरा बार जवळजवळ आंधळाच.

टॉर्च बंदुकीवर बांधू नका, निदान तेवढीच एक ठेवू नका. तिने बघायचं म्हणजे जे ओळखलेलं नाही त्याच्यावर नळी रोखायची. हातातली वेगळी टॉर्च ओळखण्यासाठी. रानडुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणात आपण वाचतोच. (डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, तो विषय वेगळा.)

म्हणून खरा सराव बंदुकीशिवाय करा. रात्री खळ्यातले दिवे मालवून अर्धा तास बसा. घरच्यांना सांगा, पंचवीस-तीस पावलांवर माडाखाली काहीतरी ठेवा, काय ते सांगू नका. बादली, पोतं, ओणवा बसलेला माणूस, काहीही. मग छातीठोकपणे ओळखून दाखवा.

गेल्या मे महिन्यात पुतण्याने माझी अशी परीक्षा घेतली. मी पोतं म्हणालो, आणि पोतं खोकलं.