स्ट्रोकनंतर एसएसईपी दर महिन्याला केली तर सुधारणा आकड्यांत दिसेल का?

तुमच्या वडिलांना स्ट्रोक येऊन सहा आठवडे झालेत, डाव्या हाताला स्पर्श नीट कळत नाही आणि एसएसईपीच्या (हाताच्या नसेला हलका करंट देऊन स्पर्शाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘उजवीकडचा एन२० लहान’ असा शेरा आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं ही तपासणी करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. एन२० म्हणजे तो संदेश मेंदूत पोचल्यावर उमटणारा तरंग. तो लहान आहे, पण आहे! संदेशाची वाट पुरती तुटलेली नाही.

मनगटापाशी अंगठा किंचित हलेल एवढाच करंट देतात. तो संदेश मानेपर्यंत साधारण १३ आणि मेंदूच्या पृष्ठभागावर २० मिलिसेकंदांत पोचतो, म्हणून एन२०. डाव्या हाताचा उजव्या मेंदूत. हा तरंग अवघ्या काही मायक्रोव्होल्टचा, मेंदूच्या बाकीच्या विद्युत गलक्यात बुडालेला. त्यामुळे शेकडो प्रतिसादांची सरासरी काढल्यावरच तो वर येतो.

म्हणूनच दर महिन्याच्या आकड्यामागे लागू नका. मान ताठ धरली, इलेक्ट्रोड बोटभर सरकला तरी उंची बदलते. हात गार असेल तर तरंग उशिरा येतो. १.२ चे १.५ मायक्रोव्होल्ट झाले, एवढ्यावरून मी तरी सुधारणा म्हणणार नाही. त्याच बैठकीत घेतलेल्या चांगल्या हाताच्या तरंगाशी तुलना करा. काही महिन्यांनी, न्यूरॉलॉजिस्टना विचारून, पुन्हा केलीत तर पुरे.

शिवाय एन२० फक्त संदेश पोचल्याचं सांगतो. त्याचा अर्थ लावणं हे मेंदूचं पुढचं काम. एका बाईंचा तरंग तीन महिन्यांत जवळजवळ तसाच राहिला, पण डोळे मिटून त्या नाणं आणि बटण ओळखायला लागल्या होत्या. तो दिवस मी विसरलेलो नाही. हाताची ताकदही यातून कळत नाही, तिची वाट वेगळी.

घरी आठवड्यातून एकदा वडिलांना डोळे मिटायला सांगा. त्यांचं बोट दोन्ही बाजूंनी धरून वर किंवा खाली हलवा आणि दहापैकी किती वेळा दिशा बरोबर सांगतात ते वहीत लिहा. मग किल्ली, चमचा हातात देऊन ओळखायला लावा. फिजिओथेरपिस्टना ही वही रिपोर्टइतकीच उपयोगी पडेल.

एक मात्र सांभाळा. गरम-गार आणि वेदना वेगळ्या वाटेनं जातात, ती वाट ही तपासणी पाहतच नाही. पुढचा रिपोर्ट कितीही छान आला तरी गरम पाणी त्या हातानं तपासू देऊ नका.