रिमोट सासूबाईंकडे, ॲप मुलाकडे: स्मार्ट एसीबद्दल तुमचे प्रश्न

गोव्यात घर गरम करायची वेळ कधी येत नाही, त्यामुळे स्मार्ट थर्मोस्टॅट (फोनवरून चालणारं, घराचं तापमान आपोआप सांभाळणारं यंत्र) म्हटलं की आपल्याकडे वायफायवाला एसी, नाहीतर साध्या एसीला रिमोटसारखा सिग्नल पाठवणारा तो छोटा डबा. प्रश्न बरेच आलेत, बहुतेक पावसाळ्यातले.

मुलगा दुबईला असतो. मे महिन्यात आला तेव्हा आमचा एसी ॲपला जोडून गेला. आता रात्री दोनला एसी आपोआप २६ वर जातो, सासूबाई उठून रिमोटने २२ करतात, सकाळी मुलाचा फोन की बिल वाढेल. एसी बिघडलाय का? (डिचोली)

एसी ठणठणीत आहे हो, मुलाने ॲपमध्ये रात्रीचं शेड्यूल लावून ठेवलंय एवढंच. यातले बरेच डबे एकतर्फी असतात म्हणजे सिग्नल पाठवतात पण एसीकडून काही कळत नाही, त्यामुळे सासूबाईंनी रिमोट दाबला तरी ॲपमध्ये २६ च दिसत राहतं. काही डबे रिमोटचा सिग्नल पकडतात, पण मध्ये कपाट नाहीतर पडदा आला की तेही गेलं.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, एसीचा रिमोट दरवेळी नुसतं तापमान पाठवत नाही, मोड, फॅन, झडपा सगळी सेटिंग एकदम पाठवतो. म्हणजे सासूबाईंनी फॅन हळू ठेवलेला असला तर दोन वाजता २६ बरोबर फॅनही बदलतो आणि वारा थेट अंगावर यायला लागतो. झोप मोडते ती कदाचित त्यानेच.

मुलगा अगदीच चुकीचं बोलत नाही बरं का. ऊर्जा दक्षता ब्युरोचा (उपकरणांना वीजबचतीचे स्टार देणारी सरकारी संस्था) हिशेब असा की एसी एक डिग्री वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते, म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टारवाले नवीन रूम एसी चालू करताच २४ वर येतात. पण स्क्रीनवरचे २२ म्हणजे उशीपाशी २२ नव्हे, एसीचा सेन्सर वर युनिटमध्ये बसलेला असतो. एक साधा थर्मामीटर पलंगाशेजारी ठेवा, २५ वर एसी आणि सीलिंग फॅन एकवर असं दोन रात्री करून बघा, सासूबाईंना चाललं तर उत्तम. नाही चाललं तर २२, विषय संपला. त्या खोलीचं रात्रीचं शेड्यूल काढून टाकायला सांगा, सकाळी त्या उठल्यावर बंद व्हायचं तेवढं ठेवा. खोलीत जो झोपतो त्याचा शब्द शेवटचा, दुबईत बसून आईच्या घरातला एसी फिरवायचा नसतो. शिवाय एसी कधी लागला कधी बंद झाला यातलं ॲपला जेवढं कळतं तेवढं त्याला तिथे दिसतं, ते सासूबाईंना सांगितलंय का कोणी?

२४ ला लावूनही पावसात चादर दमट लागते, कपाटात बुरशी येते. स्मार्ट एसी घेऊन काय फायदा? (वाळपई)

थर्मोस्टॅट तापमान बघतो, दमटपणा बघत नाही, दुखणं इथेच आहे. जुलैत बाहेर आधीच गारवा असतो, खोली पटकन २४ ला येते आणि कॉम्प्रेसर मंद होतो किंवा थांबतो, हवेतलं पाणी मात्र तसंच राहतं कारण ते आतली कॉइल (थंड नळ्यांची जाळी) चांगली थंड असतानाच गळतं. वर कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला फॅन फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी परत खोलीत येतं. बाहेर जाणाऱ्या पाइपकडे लक्ष ठेवा, पाणी नीट ठिबकत असेल तर एसी दमटपणा काढतोय, पाइप कोरडा असेल तर काढत नाही (तुंबलेला नाही ना तेही बघा, आमच्याकडे पालीच जाऊन बसतात).

उपाय म्हणजे ड्राय मोड, म्हणजे थंड करण्यापेक्षा दमटपणा काढण्यावर भर देणारी एसीची सेटिंग. दमटपणा मोजणारा डबा असेल तर ६५ टक्क्यांच्या वर गेलं की ड्राय मोड लागावा आणि ५५ ला थांबावा असं बसवता येतं, पण मधे थोडं अंतर ठेवा, दर पाच मिनिटांनी चालू-बंद झालं तर मशीनचे हाल. आणि खिडकी उघडी ठेवून हे करू नका, गोव्याचा पाऊस कुठलाही एसी सुकवू शकत नाही. वर कौलं आणि फळ्यांमधून फटी असतील तरी तेच, तिथे कपाटासाठी वेगळं डीह्युमिडिफायर बरं.

माडाचं चुडत तारांवर पडलं की लाईट जाते, परत आली की ॲप म्हणतं एसी चालू, प्रत्यक्षात बंद. (सावर्डे)

ॲपला लाईट गेल्याचं कळलंच नाही, त्याला शेवटचं आठवतं तेवढंच. एसीत ऑटो रिस्टार्ट (लाईट आली की आपोआप परत चालू होणं) आहे का मॅन्युअलमध्ये बघा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, बऱ्याच डब्यांची शेड्यूल इंटरनेटवरून चालतात, नेट गेलं की डबा नुसता शोभेचा. आणि लाईट आल्या आल्या ॲपमधून सारखं दाबत बसू नका, कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं मुद्दाम थांबतो, तो बिघाड नाही.

सगळे बाहेर गेले की एसी आपोआप बंद होतो ते फीचर ठेवू का? घरी आजी असते. (फोंडा)

नको. ते माणसं मोजत नाही, फोन मोजतं. आजीकडे स्मार्टफोन नाही म्हणजे त्याच्या हिशेबी घर रिकामं, तुम्ही बाजारात गेलात की आजी उकाड्यात. चवथीला पाहुण्यांनी घर भरलं की तर आणखी गोंधळ. एकट्याच्या फ्लॅटला ठीक आहे ते.

लंडनहून भावाने गोल, सुंदर थर्मोस्टॅट पाठवलाय, आपल्या स्प्लिट एसीला लागेल का? (म्हापसा)

नाही लागत. तो तिकडचा घर गरम करणारा बॉयलर चालू-बंद करायला बनवलेला, आपला स्प्लिट वेगळ्याच भाषेत बोलतो. इलेक्ट्रिशियनला 'बघ जरा जोडून' असं तर अजिबात सांगू नका. भावाला सांगा पुढच्या वेळी चॉकलेटं.

गिझरला स्मार्ट प्लग चालेल? (मडगाव)

१६ अँपिअरचा आणि चांगल्या कंपनीचा असेल तर चालेल. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३, त्यामुळे ६ किंवा १० वाला स्वस्तातला प्लग जळणार. प्लग बाथरूमच्या बाहेर बसवा. एसीला मात्र असा प्लग लावू नका, चालू कॉम्प्रेसरची वीज मधेच तोडणं बरं नाही आणि ऑटो रिस्टार्ट नसेल तर प्लग चालू करूनही एसी लागणार नाही.