अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेज फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरमधून खरंच मोठे खेळाडू निघालेत का?

तुम्ही विचारलंय की फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या संघटनेच्या, एखाद्या चॅप्टरच्या (एका विद्यापीठातल्या शाखेच्या) माजी सदस्यांनी खेळात नाव घेण्यासारखं काही केलंय का, की ती नुसती पार्ट्या करणारी टोळकी असतात. केलंय. त्यातलं एक नाव तर तुमच्या नजरेखालून गेलंही असेल, फक्त तो माणूस धावपटू होता हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

मुलाबाळांकडे लॉस एंजेलिसला जाणारी आपली बरीचशी माणसं ज्या टर्मिनलवर उतरतात, त्याचं नाव टॉम ब्रॅडली इंटरनॅशनल टर्मिनल. मी मुलीकडे गेलो तेव्हा तिथंच उतरलो. तीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो, त्यामुळे हे नाव वाचून मला आधी ४४० यार्डांची, म्हणजे मैदानाच्या एका फेरीची शर्यत आठवली. जावयाला नवल वाटलं, त्याच्या लेखी ब्रॅडली म्हणजे जुना महापौर. दोन्ही खरं आहे.

हा ब्रॅडली युसीएलएचा, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचा विद्यार्थी. तिथे तो ‘कॅपा अल्फा साय’ या फ्रॅटर्निटीत होता. तिच्या युसीएलएमधल्या चॅप्टरचं नाव अपसायलॉन. वीस-बावीस वर्षांनी त्याच चॅप्टरमध्ये टेनिसपटू आर्थर अ‍ॅश आला. या दोन माणसांसाठीच मी हे उत्तर लिहायला बसलो.

पण आधी ही फ्रॅटर्निटी कुठून आली ते सांगायला हवं, नाहीतर चित्र चुकीचं उभं राहील. कॅपा अल्फा साय ५ जानेवारी १९११ रोजी इंडियाना विद्यापीठात दहा कृष्णवर्णीय मुलांनी सुरू केली. त्या काळी विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना जागा नव्हती. अंगाला अंग भिडणारे खेळ त्यांना बंद होते, भाग घेता यायचा तो धावण्या-उड्या मारण्याच्या मैदानी खेळांत. जिथे कोणी पंगतीला बसवून घेत नव्हतं, तिथे या मुलांनी आपली पंगत मांडली. मी कोल्हापुरात बोर्डिंगात राहून शिकलेला माणूस आहे. शाहू महाराजांनी १९०१पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, ती का केली हे ज्याला माहीत आहे त्याला कॅपाची गरज समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की तिथे पाठीशी राजा नव्हता, मुलांनीच सगळं उभं केलं. फ्रॅटर्निटींमध्ये नव्या मुलांचा छळ होतो, त्यात जीवही गेलेत, ते मी झाकत नाही. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

आता ब्रॅडली. जन्म १९१७चा, टेक्सासमधल्या कॅल्व्हर्टचा. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणारे, आजा गुलामगिरीत जन्मलेला. घर लॉस एंजेलिसला आलं आणि पोरगं पळायला लागलं. शाळेत असताना शहरातल्या ४४० यार्डांच्या स्पर्धेत तो पहिला आला आणि त्या पायांच्या जोरावर १९३७मध्ये शिष्यवृत्ती घेऊन युसीएलएमध्ये दाखल झाला. तिथल्या सुमारे ७,००० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय जेमतेम शंभर. विद्यापीठ ज्या वेस्टवुड भागात आहे, तिथे गोऱ्यांखेरीज कोणाला घर द्यायचं नाही अशा अटी खरेदीखतातच घातलेल्या असत. वर्ग संपला की या मुलांनी लांबच्या वस्तीत परतायचं. अशा ठिकाणी आपल्यातली दहा-पंधरा पोरं एकत्र बसायची एक जागा असणं याची किंमत पदकात मोजता येत नाही.

१९४०मध्ये शिक्षण सोडून तो पोलिसात गेला. नोकरी करत रात्रीच्या वर्गात वकिली शिकला, १९६३मध्ये नगरपरिषदेवर निवडून आला, १९६९ची महापौरपदाची निवडणूक हरला, १९७३ची जिंकला आणि मग वीस वर्षं महापौर राहिला. मधल्या काळात तो कॅपा अल्फा सायचा राष्ट्रीय अध्यक्षही होता.

तुम्ही म्हणाल, यात खेळ कुठे आला? माझ्या मते त्याची खेळातली सर्वांत मोठी कामगिरी त्याने धावणं सोडल्यावर चाळीस वर्षांनी केली. १९७६च्या ऑलिंपिकने मॉन्ट्रियल शहर कर्जात असं बुडालं की ते फिटायला २००६ साल उजाडलं. १९८४च्या स्पर्धा घ्यायला शेवटी लॉस एंजेलिसशिवाय कोणी उरलं नव्हतं. तोट्याची जबाबदारी शहराने घ्यावी, असा ऑलिंपिक समितीचा नियम होता. ब्रॅडलीने ते मानलं नाही. नियम बदलणार नसेल तर आम्ही मागे हटतो, इथपर्यंत त्याने ताणलं आणि समितीला नमतं घ्यावं लागलं. स्पर्धा भरवल्या खासगी संयोजन समितीने, पीटर युबेरॉथच्या हाताखाली. मुख्य मैदान नवं बांधलंच नाही, १९३२च्या ऑलिंपिकचं कोलिझियम वापरलं. सोव्हिएत गटाने बहिष्कार घातला तरी १४० देश आले. हिशेब झाला तेव्हा २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक होती आणि तिच्यातल्या वाट्यातून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळासाठी एक निधी उभा राहिला, तो अजून चालू आहे. आपल्याकडे स्पर्धा झाली की मैदानात गवत वाढतं. हे मी दुःखाने लिहितोय.

त्याच कोलिझियममध्ये ८ ऑगस्ट १९८४ रोजी आपली पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या कोजोकारूची ५५.४१. आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी पेपर हातोहात फिरत होता आणि मोठी माणसं एक शतांश सेकंद म्हणजे किती ते चुटकी वाजवून एकमेकांना दाखवत होती. एका फेरीच्या शर्यतीत वाढलेल्या माणसाने आणलेल्या स्पर्धेत आपण एका फेरीच्या शर्यतीतच हुकलो, हे त्या टर्मिनलवर उभा असताना मला आठवलं आणि गळा दाटून आला.

एक खुलासा करतो. १९८४च्या त्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ज्योत पेटवली रेफर जॉन्सनने. तोही युसीएलएचा आणि कृष्णवर्णीय, म्हणून लोक त्यालाही कॅपामध्ये टाकतात. तो ‘पाय लॅम्डा फाय’ या दुसऱ्या फ्रॅटर्निटीचा. ती सुरुवातीपासून धर्म-वंश न पाहता सदस्य घ्यायची. रोम १९६०च्या डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा मैदानी खेळांच्या एकत्र स्पर्धेत, त्याने ८,३९२ गुण मिळवले. दुसरा आला तैवानचा यांग, ८,३३४ गुणांवर. दोघे युसीएलएतले मित्र, दोघांचा प्रशिक्षक एकच, आणि शेवटच्या १,५०० मीटरमध्ये जॉन्सन फक्त यांगची पाठ सोडत नव्हता. दहा खेळ आणि अंतर ५८ गुणांचं!

आर्थर अ‍ॅशवर किती लिहावं? रिचमंडमध्ये, कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या एका बागेची देखभाल त्याचे वडील करत. घर बागेतच आणि टेनिसची कोर्टं दाराशी. १९६१मध्ये तो युसीएलएमध्ये आला. १९६३मध्ये डेव्हिस कपसाठी, म्हणजे देशादेशांच्या संघांमधल्या टेनिस स्पर्धेसाठी, अमेरिकेच्या संघात निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. १९६५मध्ये त्याने आंतरविद्यापीठ एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही अजिंक्यपदं मिळवली. १९६८ची यूएस ओपन तो हौशी खेळाडू म्हणून जिंकला, त्यामुळे बक्षिसाचे पैसे घेता आले नाहीत; विजेत्याच्या हातात दिवसाला २० डॉलर भत्ता आणि हरलेल्या टॉम ऑकरला १४,००० डॉलर!

पण बघायची असेल तर १९७५ची विम्बल्डन फायनल बघा. समोर २२ वर्षांचा जिमी कॉनर्स. अंतिम सामन्यापर्यंत त्याने एक सेटही गमावलेला नव्हता. अ‍ॅशला बत्तीस पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी. कॉनर्सला वेगवान चेंडू आवडायचा, समोरच्याचाच जोर वापरून तो परत मारायचा. अ‍ॅशने त्याला जोरच दिला नाही. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला खेचली, चेंडू हळू, खाली, मऊ ठेवला. ६-१, ६-१, ५-७, ६-४. आयुष्यभर जोरात मारणाऱ्या माणसाने सर्वांत मोठ्या दिवशी आपला खेळ बदलायचा, याला काळीज लागतं. मी मुलांना डावपेच शिकवताना हाच सामना सांगायचो. विम्बल्डनची एकेरी जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय पुरुष अजून झालेला नाही.

दक्षिण आफ्रिकेचं सांगितल्याशिवाय अ‍ॅश पुरा होत नाही. तिथल्या वर्णभेदी सरकारने व्हिसा नाकारला, तो पुन्हा पुन्हा मागत राहिला आणि १९७३मध्ये जोहान्सबर्गला जाऊन खेळलाच, प्रेक्षक वर्णाप्रमाणे वेगळे बसवायचे नाहीत या अटीवर. पुढच्याच वर्षी आपला संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता, समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायला नकार दिला आणि कप सोडून दिला. अमृतराज बंधू ऐन भरात होते, तरीही. अ‍ॅशवर तेव्हा टीका झाली की गेलास कशाला. मला दोघांचंही बरोबर वाटतं. आत जाऊन दाखवणारा एक आणि दारातून परत फिरणारा एक, त्या राजवटीला दोन्ही टोचले. नंतर अ‍ॅशही बहिष्काराच्या बाजूने आला आणि १९८५मध्ये वॉशिंग्टनला त्यांच्या वकिलातीसमोर निदर्शनं करताना त्याला अटकही झाली.

१९७१मध्ये कॅमेरूनच्या दौऱ्यात त्याने अकरा वर्षांचा एक मुलगा खेळताना पाहिला आणि फ्रान्सच्या टेनिस संघटनेला कळवलं. तो यानिक नोआ. १९८३ची फ्रेंच ओपन त्याने जिंकली. हृदयाच्या शस्त्रक्रियेत चढवलेल्या रक्तातून अ‍ॅशला एचआयव्ही झाला आणि ६ फेब्रुवारी १९९३ रोजी तो गेला, पन्नाशीही न गाठता.

फ्रॅटर्निटीने त्याला सर्व्हिस शिकवली असं मी म्हणणार नाही. ती वडिलांच्या बागेतली आणि प्रशिक्षकांची देणगी.

आणखी एक चॅप्टर हवा असेल तर कॅपाचाच कॅन्सस विद्यापीठातला म्यू चॅप्टर बघा. विल्ट चेंबरलेन तिथला. २ मार्च १९६२ रोजी बास्केटबॉलच्या एका सामन्यात त्याने एकट्याने १०० गुण केले. कॅन्ससचाच गेल सेयर्स हाही कॅपा. अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्याच मोसमात त्याने २२ टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) केले, त्यातले सहा एकाच सामन्यात. गुडघ्यांनी दगा दिला, ६८ सामन्यांत कारकीर्द संपली, तरी ३४व्या वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे त्या खेळातल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घेतलं. त्याआधी तो कॅन्ससला परतला होता आणि अर्धवट राहिलेली पदवी त्याने १९७५मध्ये पूर्ण केली.